ह्याला बहिणी नसणार

रद्दीवाला यायच्या आत आईने गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि त्यातून आदल्या आठवड्याची पुरवणी ओढून काढली. जुलै 2023 मधली गोष्ट. ‘बाईपण भारी देवा’ लागून दहाएक दिवस झाले होते आणि आदल्याच संध्याकाळी ती आणि तिच्या भिशीच्या बायका तो बघून आल्या होत्या. मी गाडी चालवायला म्हणून गेलो आणि एक तिकीट उरलं म्हणून आत बसलो. आता तिला पेपरात काय आलंय ते बघायचं होतं. सिनेमाला जायच्या आधी तिने ते वाचलं नव्हतं, बघून आल्यावर मात्र वाचल्याशिवाय चैन पडेना. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत, पाव पानाचं ते परीक्षण तिने शेवटपर्यंत वाचलं. अडीच तारे. कथेचा जीव लहान, प्रसंग ठरावीक, उत्तरार्ध लांबलाय, सिनेमातल्या सहाही बहिणींची कामं छान, असा एकूण सूर. वाईट असं काही लिहिलं नव्हतं. तिने पुरवणीची घडी घातली, परत गठ्ठ्यात खुपसली आणि म्हणाली, “ह्याला बहिणी नसणार.”

मला हसू आलं. ती हसली नाही. “अगं, काल गाडीत तूच म्हणालीस ना, गोष्टीत काही दम नाही म्हणून?” मी विचारलं. “म्हणाले की. नाहीच आहे दम. तो खोटं लिहितोय असं कुठे म्हणतेय मी?” एवढं बोलून ती कुकर लावायला उठली.

झालं, माझ्या डोक्याला भुंगा लागला. परीक्षणातला एकेक मुद्दा कबूल, तरीही लिहिणाऱ्यावर राग. बरं, आई काही कुठल्याही सिनेमाला रडणारी बाई नाही. मालिका बघताना भाजी निवडता निवडता “आता ही दाराआडून ऐकणार” असं आधीच सांगून टाकते आणि तसंच होतं. पटकथा म्हणजे काय हे तिला कोणी शिकवलं नसलं तरी ढिली पडलेली तिला बरोबर कळते. मग चिडली कशावर?

कोथरूडच्या त्या थिएटरात मी जे पाहिलं ते सांगतो. पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही सगळे कडेच्या खुर्च्यांवर, माझ्यासारखेच आणून सोडलेले. बाकी सगळ्या बायका. नऊवारी, गजरे, नथी, आणि नऊवारीवर काळे गॉगल. दारात पिशव्या तपासणाऱ्या मुलीने पर्स उघडून बघितल्या, तरी लाइट गेल्यावर कुठूनतरी भडंगाचा वास आलाच. अंधारात एका काकूंनी माझ्या हातात बेसनाचा लाडू ठेवला. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं, रांगेतल्या सगळ्यांना एकेक चालला होता एवढंच. पडद्यावर दोन बहिणींचं जुनं भांडण उकरून निघालं तेव्हा माझ्या डावीकडे बसलेल्या धाकट्या मावशीने नाक ओढलं, आणि आईने पडद्यावरची नजर न काढता खुर्चीच्या दांडीवरून हात सरकवून तिच्या मनगटाला घट्ट धरलं. ह्या दोघींमध्ये बांगड्यांच्या एका जोडावरून बरीच वर्षं काहीतरी आहे. काय, ते मला आजवर नीट कळलेलं नाही. तो हात इंटरव्हलचे दिवे लागेपर्यंत तिथेच होता. दिवे लागले तसा निघाला, आणि दोघी बाथरूमच्या रांगेत वेगवेगळ्या उभ्या राहिल्या.

शेवटी मंगळागौरीचे खेळ सुरू झाले तसा जिन्यावर गलका झाला. पुढच्या रांगेतल्या दोघी उठल्या, पायऱ्यांजवळच्या मोकळ्या जागेत गेल्या आणि फुगडी धरली. मग आणखी चौघी. एकीचा गॉगल उडाला. वीस-बावीस वर्षांचा डोअरकीपर टॉर्च घेऊन धावत आला, थबकला, इकडेतिकडे पाहिलं आणि टॉर्च बंद करून भिंतीला टेकून उभा राहिला. माझ्यापुरतं विचाराल तर त्या अर्ध्या तासात पडद्यावर काय चाललं होतं हे मला नीट आठवत नाही. समोर दोन गोष्टी चालल्या होत्या आणि मी दुसरीच जास्त पाहत होतो.

परीक्षणात ह्यातलं अक्षर नव्हतं. असणार तरी कसं? तो सिनेमा बघत होता.

माझा एक मित्र बरीच वर्षं परीक्षणं लिहितो. त्याला हा किस्सा सांगितला तर तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “अरे, मी सिनेमा बघतो कुठे ते ठाऊक आहे का तुला?” मग त्याने सांगितलं. एक तर प्रेस शो, गुरुवारी. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं, सगळे एकमेकांना ओळखणारे आणि म्हणूनच दोन-दोन खुर्च्या सोडून बसलेले. तिथे कोणी मोठ्याने हसत नाही. हसलं तर ह्याला आवडला अशी नोंद होते. कोणी रडत तर नाहीच. किंवा मग प्रीमियर. तिथे उलट. शेजारी नायिकेची आत्या, मागे निर्मात्याच्या सोसायटीतले लोक, आणि प्रत्येक विनोदाला असा हशा की विनोद कुठला होता तेच ऐकू येत नाही. उरला तिसरा पर्याय, शुक्रवारचा सकाळचा पहिला शो, स्वतःच्या पैशाने. त्यात तो, दोन कॉलेजची मुलं आणि एसीत झोपायला आलेले एक आजोबा. त्यानंतर चारशे शब्द. कधी जाहिरात आली तर अडीचशे. आणि वर तारे. “चारशे शब्द कोणी वाचत नाही,” तो म्हणाला, “लोक तारे वाचतात आणि मला शिव्या देतात. बरं दिले की विचारतात, पाकीट किती जाड होतं? कमी दिले की मी मराठीचा वैरी.”

ह्या दुसऱ्या शिवीवर जरा थांबायला हवं, कारण ती फक्त आपल्याकडचीच आहे. हिंदी सिनेमाला कोणी नावं ठेवली तर ‘तुला काय कळतंय’ एवढ्यावर भागतं. मराठी सिनेमाला ठेवली की घरचा भेदी. आधीच थिएटर मिळत नाही, मिळालं तर खेळ सकाळी साडेअकराचा नाहीतर रात्री सव्वादहाचा, आणि वर तुमची ही मुक्ताफळं! 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सांना संध्याकाळच्या प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावणं सक्तीचं केलं, त्यावर केवढा गदारोळ झाला, मग ती वेळ दुपारी बारापर्यंत मागे ताणली, हे सगळ्यांना आठवत असेल. त्यामुळे आपल्याकडे परीक्षण लिहिणाऱ्याने निम्मा समीक्षक आणि निम्मा स्वयंसेवक असावं अशी अपेक्षा असते. मला ती अपेक्षा पटत नाही. सामान्य सिनेमाला ‘सहकुटुंब पाहावा असा’ म्हणून म्हणूनच आपण त्या शब्दांची पत घालवली. तरीही, सोमवारी सकाळी खेळांचं वेळापत्रक उघडून एखादा चांगला मराठी सिनेमा पाचवरून एका खेळावर आलेला दिसतो, तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्याने जरा हात सैल सोडला असता तर काय बिघडलं असतं, असं माझ्याही मनात येतंच.

पूर्वी सिनेमाला वाट बघायची सोय होती. ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा पहिल्या दिवसांतला सूर थंडच होता. पेपरवाले खूश नव्हते, धंद्यातले लोक हात झटकत होते. मग लोकांनी लोकांना सांगितलं, संवाद पाठ झाले आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला तो पाच वर्षांहून अधिक चालला. त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला. कुठल्याही जाणकाराच्या हिशेबात नसलेला, थोड्या पैशांत केलेला. लोक थिएटरच्या दारात चपला काढून आत जायचे, पडद्यापुढे आरती करायचे, नाणी टाकायचे. त्या हॉलमध्ये बसलेल्या समीक्षकाने तारे कशाला द्यायचे, सिनेमाला की नारळ घेऊन आलेल्या बाईला? आज मात्र शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवसांत जे काय व्हायचं ते होतं. कानोकानी बातमी पोचायला तेवढे दिवस पुरत नाहीत, म्हणून सगळा भार त्या चारशे शब्दांवर येतो, आणि म्हणून त्यांच्यावर इतका राग निघतो, असा आपला माझा अंदाज.

मी लहान असताना हा प्रश्नच नव्हता, कारण परीक्षण आणि सिनेमा ह्यांची आमच्याकडे गाठच पडत नसे. वाईला नवा सिनेमा यायला महिनेच्या महिने लागायचे. पुण्या-मुंबईत लागलेल्या चित्रपटाचं परीक्षण रविवारी सकाळी एसटीने आलेल्या पेपरात यायचं आणि अण्णा ते मोठ्याने वाचायचे. आई आतून कढई खडखडवत ऐकायची. परीक्षण म्हणजे आम्हाला सिनेमाच. त्या काळातले लिहिणारे तीन चतुर्थांश गोष्ट सांगून टाकत आणि ऐन वळणावर ‘पुढे काय होते ते प्रत्यक्ष पडद्यावर पाहणेच इष्ट’ असं लिहून हात वर करत. मग ‘संगीत श्रवणीय’, ‘छायाचित्रण नेत्रसुखद’ आणि सगळ्यांत शेवटी ‘इतरांची कामे यथातथा’. हे ‘इतर’ कोण, ह्याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं. राहिलेली पाव गोष्ट आम्ही भावंडं रात्री अंथरुणात पुरी करायचो. पुढे सात-आठ महिन्यांनी ती फिल्म ओरखडे घेऊन आमच्या गावात आली की हटकून निराशा व्हायची. आमचा शेवट जास्त चांगला असे.

अण्णांना पेपरातल्या शब्दाबद्दल पराकोटीचा आदर. दादा कोंडक्यांच्या सिनेमांना ते जात नसत आणि आम्हालाही नेत नसत, कारण पेपरात ‘अभिरुचीहीन’ असं छापून आलं होतं. आजी मात्र शेजारणीबरोबर गुपचूप जाऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी दळण निवडताना एकटीच हसायची. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. तिला अभिरुची नव्हती असं कसं म्हणू? ओव्या तिला शेकड्याने पाठ होत्या. कोंडक्यांच्या एकामागून एक नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे कळल्यावर अण्णा म्हणाले, “लोकांना काय, काहीही चालतं.” त्या लोकांत स्वतःची आई होती हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पुण्याला शिकायला आलो आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात फिल्म क्लबचे खेळ व्हायचे. तिथे शेंगदाणे सोडाच, खोकलाही अपराध. खेळ संपल्यावर बाहेर झाडाखाली स्कूटरला टेकून चर्चा. मला ती सवय फार आवडली आणि अजूनही आहे. कॅमेरा कुठे ठेवलाय हे बघायला मी तिथे शिकलो, आणि ज्यांनी ते लिहून समजावलं त्या समीक्षकांचा मी ऋणी आहे. पण त्या सवयीत एक गोम आहे. हॉलमधली बाकीची माणसं तुम्हाला अडथळा वाटायला लागतात. आणि कधी कधी सिनेमातलं महत्त्वाचं तिथेच, खुर्च्यांमध्ये घडत असतं.

‘फँड्री’चंच घ्या. 2014 च्या फेब्रुवारीत मी तो साताऱ्याला पाहिला, ऐन भरल्या थिएटरात. शेवटाकडे जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतं आणि गावातली टोळकी उभी राहून मजा बघते, फोटो काढते, शेरे मारते. माझ्या मागच्या रांगेतली पोरंही हसत होती. त्यांचं हसू खरंखुरं होतं, दुष्टाव्याचं नव्हतं, कोणाची फजिती बघताना येतं तसलं. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डूक्कर समोरून पळत असताना ते सगळे जागच्या जागी उभे राहतात, तेव्हा तर हशा आणखी वाढला. एक जण पडद्यावरच्या टोळक्याच्या आवाजात आवाज मिसळून काहीतरी ओरडला. आणि मग जब्या दगड उचलतो आणि कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावतो. पडदा काळा. मागचं हसू मध्येच तुटलं. एकाने “आयला” म्हटलं, तेही अर्धंच.

नंतर मी त्या सिनेमावर वाचायला मिळेल ते वाचलं. दगड समाजव्यवस्थेवर फेकलेला आहे, प्रेक्षकांवर फेकलेला आहे, असं सगळ्यांनी लिहिलं, आणि ते बरोबरच आहे. पण दोन-दोन खुर्च्या सोडून, न हसता पाहिलेल्या माणसाला तो दगड लांबून दिसतो. माझ्या मागे तो लागला होता. तो आवाज मी ऐकलाय. आणि नागराज मंजुळेंनी तो शेवट त्याच पोरांना बेरजेत धरून रचला असणार, अशी माझी खात्री आहे. हशा आधी हॉलमध्ये यायला हवा, तरच दगड पोचतो. पुढे 2016 मध्ये ‘सैराट’लाही त्यांनी हेच केलं. ‘झिंगाट’ला खुर्च्यांवर चढून नाचणारी तीच गर्दी शेवटी चिमुकल्या पावलांचे लाल ठसे बघत कशी बसली होती, हे ज्याने भरल्या थिएटरात पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. ज्याने नंतर घरी मोबाइलवर पाहिला, त्याला कितीही सांगितलं तरी उपयोग नाही.

ह्याच्या उलट ‘कोर्ट’. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, परीक्षणांनी डोक्यावर घेतलेला. ते वाचून आम्ही सहकुटुंब गेलो. आईही होती. शेवटाकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवतो आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो. अर्धं थिएटर उठलं. पिशव्या, छत्र्या, “चला, संपला एकदाचा”, “म्हणजे निकाल नाहीच?” लोक जिन्यात पोचले आणि मागे सिनेमा परत सुरू झाला. न्यायाधीश महाराज सहलीला निघालेले. काही जण परत येऊन बसले, काही उभ्यानेच बघत राहिले, काही वैतागून गेले ते गेलेच. त्या काळोखाबद्दल परीक्षणांत वाचताना मी मान डोलावली असती. प्रत्यक्षात, कोर्टाला सुट्टी लागल्यावर अशील जसे काय करावं न कळून घुटमळतात, तसे आम्ही सगळे जिन्यात घुटमळलो होतो. आई परत येऊन बसली, शेवटपर्यंत पाहिलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “ह्याने आपल्याला मुद्दाम उठवलं.” कौतुकाने म्हणाली की तक्रार म्हणून, कोण जाणे. मी ह्या सिनेमावर वाचलेल्यातलं सगळ्यांत आटोपशीर परीक्षण तेच.

म्हणजे आईला समीक्षा कळत नाही अशातला भाग नाही. तिचं म्हणणं एवढंच असावं की त्या संध्याकाळी तिथे जे झालं, त्याचा अडीच ताऱ्यांत हिशेब लागला नाही. सिनेमा अडीचचाच होता. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. मग म्हणाला, “पण मी फुगडीला तारे दिले, तर उद्या प्रत्येक निर्माता शोला भाड्याने फुगड्या पाठवेल. पाठवतातही.” त्याचंही खरं आहे. चॅनेलचा कॅमेरा बाहेर उभा असला की प्रेक्षक कसे रडत बाहेर येतात, हे आपण पाहतोच. हुंदका आवरत “प्रत्येकाने बघायलाच हवा” म्हणणारी ती माणसं बघितली की मला पुन्हा त्या कोरड्या चारशे शब्दांचीच ओढ लागते. निदान त्यात कोणी माझ्या तोंडापुढे माइक धरलेला नसतो.

मी आपला त्याला एक उपाय सुचवला. शुक्रवारचं लिहायचं ते लिही, पण पुढच्या आठवड्यात एकदा तिकीट काढून परत जा, भरल्या थिएटरात, आणि फक्त हॉलबद्दल लिही. कोण आलं होतं, कुठे हसलं, कुठे मोबाइल काढला, कोण मध्येच उठून गेलं. तारे नकोत.

“तिकिटाचे पैसे ऑफिस देणार नाही,” तो म्हणाला. “आणि पुढच्या आठवड्यात म्हणशील तर मराठीचा शो असणार सकाळी साडेनऊचा. त्याला मी आणि डोअरकीपर. त्यातही तो आत बसत नाही.”